वाफेचं इंजिन बघायचंय? आधी मोतीबाग, मग कल्लार

वाफेचं इंजिन बघायला गेलेले बहुतेक लोक धूर बघून, शिट्टी ऐकून परत येतात. खरी मजा दांड्यांत आणि ठोक्यांत असते, आणि त्याची तयारी नागपुरातच करता येते. कडबी चौकाजवळच्या मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात इंजिनं उभी आहेत, म्हणजे निवांत जवळ जाऊन बघता येतात. सिलिंडरपासून सुरुवात करा. त्यातून बाहेर आलेला दट्ट्याचा (पिस्टनचा) दांडा, त्याला जोडलेला लांब कनेक्टिंग रॉड आणि सगळी मोठी चाकं एकत्र बांधणारा कपलिंग रॉड, हा क्रम बोटानं दाखवता आला पाहिजे. मग वाकून सिलिंडरच्या पोटाखालचे छोटे कॉक, म्हणजे पाणी-वाफ सोडायच्या तोट्या, शोधा. धावत्या इंजिनाचा पहिला तमाशा तिथूनच सुरू होतो.

गाडी सुटताना दोन्ही बाजूंनी वाफेचे फवारे सुटतात ते हेच कॉक उघडे असल्यामुळे. थंड सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे ते आत राहिलं तर दट्ट्या त्यावर आदळून सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. म्हणून पहिले काही फेरे कॉक उघडे ठेवतात. त्या वेळी सिलिंडरच्या अगदी शेजारी उभं राहू नका, वाफ भाजते.

आता कान लावा. वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडताना जो ‘छुक’ आवाज होतो, तो एक ठोका. दोन सिलिंडरांचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके देतं. त्यावरून वेग काढता येतो. डब्ल्यूपी जातीच्या ब्रॉडगेज इंजिनाचं मोठं चाक १७०५ मिमी व्यासाचं असतं. १० सेकंदांतले ठोके मोजा आणि निम्मे करा, साधारण तेवढे किलोमीटर ताशी. ४० ठोके म्हणजे सुमारे २०. दार्जिलिंगच्या छोट्या डोंगरी गाडीच्या बी वर्गाच्या इंजिनाचं चाक जेमतेम २६ इंचांचं, तिथे पाचानं भागा. एक ठोका जड, पुढचा हलका येत असेल तर व्हॉल्व्हची जुळणी बिघडली आहे. ठोके अचानक एकमेकांत मिसळून धडधड झाली, तर चाकं जागीच घसरताहेत. चालक रेग्युलेटर (सिलिंडरकडे जाणारी वाफ कमी-जास्त करणारी झडप) आवळतो, रुळावर वाळू सोडतो. दवानं ओले किंवा तेलकट रूळ हे नेहमीचं कारण.

धुराचंही तसंच. काळाकुट्ट धूर फोटोला छान, पण तो अर्धवट जळलेल्या कोळशाचा; चांगला फायरमन धुराडं जवळपास स्वच्छ ठेवतो. पांढरा लोट म्हणजे वाफ, आणि ती थंडीतच भरगच्च दिसते. नागपूरच्या मे महिन्यासारख्या उन्हात तीच वाफ बघता बघता विरून जाते.

चालतं इंजिन प्रत्यक्ष बघायला नागपूरहून सरळ वाट तमिळनाडूतल्या निलगिरी डोंगरी रेल्वेची, मेट्टुपालयमहून उटीला चढणाऱ्या गाडीची: केरळ एक्सप्रेसनं कोईम्बतूर, तिथून मेट्टुपालयम सुमारे ३५ किमी. गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते, तिकीट आरक्षण उघडताच काढा. चढावर इंजिन मागून ढकलतं. म्हणून आवाज हवा असेल तर इंजिनालगतचा शेवटचा डबा, देखावा हवा असेल तर पहिला.

वाटेतलं कल्लार स्टेशन चुकवू नका. या इंजिनाला चार सिलिंडर, आणि तोवर फक्त खालचे दोन काम करतात. कल्लारला रुळांच्या मधली दातेरी पट्टी सुरू झाली की त्यांची वापरलेली वाफ वरच्या दोन सिलिंडरांत जाते आणि ते दातेरी चाकं फिरवू लागतात. वरचे दांडे खालच्या चाकांच्या उलट दिशेनं आणि जास्त वेगानं फिरतात! १२ मीटरला १ मीटर असा चढ या दातांवरच चढला जातो. हिलग्रोव्हला इंजिन पाणी घेतं. दांडे जवळून बघायचे ते इथे, गाडी थांबलेली असताना. कुन्नूरनंतर डिझेल इंजिन जोडतात, त्यामुळे वाफेसाठीच आला असाल तर तिथे उतरलं तरी चालेल.

कोळशाच्या इंजिनाजवळ सुती कपडे घाला, ठिणगीनं सिंथेटिकला लगेच भोक पडतं. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, पाण्यानं धुवा.

दिवाळीची सुट्टी नागपूरकरांना सोयीची, पण ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीच्या मोसमी पावसाचे दिवस. दरड कोसळून गाडी रद्द होते. जानेवारी ते मार्च धरा.