गणपतीतली पंगत: कुणाला कुठे बसवायचं

गणपतीत आमच्याकडे दुपारी तीसेक पानं होतात आणि जागा म्हणजे ओटी, पडवी न् माजघर. खळ्यात मांडव असला तरी भाद्रपदात त्याच्या भरवशावर राहू नका. झड आली की वरणात पाणी.

आधी टेप घेऊन मोजा. माणशी दोन फूट लांबी धरा. रुंदीला मांडी घालून बसायचे दोन फूट, पुढे पानाचा एक, आणि वाढप्याला वाकून फिरायला अडीच. समोरासमोर दोन ओळी मांडायच्या तर साडेआठ फूट हवेत. आमची पडवी सात फुटी, म्हणून तिथे भिंतीला पाठ लावून एकच ओळ. पागोळ्यांची बाजू वाढप्याला.

खरी गोम पुढे आहे. समोर बसलेली माणसं एकमेकांचं तोंड बघतात, एका ओळीतली बघत नाहीत. सातबाऱ्यावरून अबोला असलेले दोन भाऊ (घरोघरी असतात) समोरासमोर आणू नका. वेगळ्या खोल्यांतही नको, गावभर होईल. एकाच ओळीत बसवा, मध्ये चार पानं सोडून, आणि त्यातलं एक बडबड्या मामांचं. नवा जावई मात्र मेव्हण्यांच्या समोर.

डावखुरा ओळीच्या डाव्या टोकाला, म्हणजे कोपराला कोपर लागत नाही. पोरं स्वयंपाकघराच्या दारापासून लांब. कढत आमटी तिथूनच येते.

गुडघेवाल्यांना ओटीवर टेबल-खुर्ची. पंगतीत सगळ्यांचं आटोपल्याशिवाय उठायचं नसतं, टेबलाला ते बंधन नाही. म्हणून सावकाश जेवणारे आजोबाही मी तिथेच धाडते, नाहीतर दुसरी पंगत ताटकळते. गुडघ्यांचं नाव काढायचं नाही. ‘काकानू, तुमी हयसर बसा, पंख्याखाली’ म्हटलं की मान राहतो.

इन्शुलिन घेणारे पहिल्या पंगतीत. रात्रीच्या गाडीने आलेले चाकरमानी आंघोळ उरकून दुसरीत. त्या दुसरीत बायका बसतात आणि पुरुष वाढतात. सुरुवातीला सासूबाईंनी नाक मुरडलं, आता त्याच पहिल्या पाटावर असतात.

गौरीला ज्यांच्याकडे तिखटाचा (म्हणजे सामिष) नैवेद्य असतो, त्यांनी शाकाहारी पाहुण्यांची पानं माजघरात आधी मांडावीत. तिथले डाव आणि पळ्याही वेगळ्या काढून ठेवा.