ब्रिटनी स्पीअर्सचे ‘फँटसी’ कसे पारखावे आणि कसे लावावे

पॉपगायिका ब्रिटनी स्पीअर्स हिच्या नावाने एलिझाबेथ आर्डेन या कंपनीने २००४ साली ‘क्युरियस’ आणि २००५ साली ‘फँटसी’ हे परफ्यूम बाजारात आणले. ‘फँटसी’ची गर्द गुलाबी, चेंडूसारखी गोल आणि हिरव्या खड्यांनी मढवलेली कुपी पाहताक्षणी हातात घ्यावीशी वाटते, पण माझे आग्रहाचे सांगणे असे, की कुपीवर किंवा पहिल्या फवाऱ्यावर भाळून ती विकत घेऊ नये.

या परफ्यूमचा वास टप्प्याटप्प्याने उलगडतो. आरंभी लिची, किवी आणि क्विन्स या फळांचा रसाळ गंध येतो. मग कपकेकचा गोडवा, जाईच्या कुळातली फुले आणि व्हाइट चॉकलेटची आठवण देणारे ऑर्किड पुढे येतात. आणि तळाशी मस्क म्हणजे कस्तुरीसारखा गंध, आयरिस या फुलझाडाचे मूळ व लाकडाचा मंद वास उरतो. फळांचे गंध हलके असल्यामुळे लवकर उडून जातात, आणि दिवसभर सोबत राहतो तो शेवटचाच वास. म्हणून कागदी पट्टीवर वास आवडला, तर मनगटावर एकच फवारा मारावा, मनगटे एकमेकांवर न घासता दुकानाबाहेर पडावे आणि तासाभराने पुन्हा हुंगून पाहावे. तेव्हाही तो गोडवा हवासा वाटला, तरच परफ्यूम घ्यावा, आणि तोही आधी लहान ३० मिलीचा. नकली माल टाळण्यासाठी घेताना कुपीच्या तळाशी असलेला बॅच क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे अवश्य पाहावे.

कोरड्या त्वचेवर सुगंध टिकत नाही. त्यामुळे अंघोळीनंतर बिनवासाचे लोशन लावून मग वीतभर अंतरावरून मानेच्या मागे एक आणि कोपराच्या आतल्या बाजूस एक, असे दोन फवारे मारावेत. उष्णतेने गोड वास अधिक फुलतो, म्हणून मे महिन्यातल्या मुंबईत, विशेषतः लोकलने जायचे असेल तर, एकच फवारा पुरतो. रेशमी साडीवर आणि मोत्यांवर तो थेट पडू देऊ नये. परफ्यूम वाळल्यावरच साडी नेसावी आणि दागिने घालावेत. केसांत मोगऱ्याचा गजरा असेल, त्या दिवशी मात्र मी ‘फँटसी’ लावू नये असे म्हणेन, कारण ताज्या फुलांचा नाजूक दरवळ त्या साखरेखाली पार दबून जातो.

कुपी न्हाणीघरात किंवा खिडकीशी न ठेवता खोक्यासकट कपाटात ठेवावी, कारण ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी परफ्यूम बिघडतो. रंग गडद झाला किंवा फळांच्या जागी आंबूस, उग्र वास येऊ लागला, तर तो अंगाला लावू नये.