पहिलं क्रिप्टो वॉलेट घेताय? या चुका टाळा

लातूरच्या ट्यूशन एरियातला पोरगा असो नाहीतर जालन्याच्या मोंढ्यातला आडत्या, प्रश्न एकच असतो: "भाऊ, सगळ्यात भारी वॉलेट कोणतं?" कोणतं कॉइन, किती रुपयांचं, किती दिवस ठेवायचंय, यातलं काही सांगायचं नाही. उत्तर देणाराही विचारत नाही, तो आपली रेफरल लिंक पाठवून मोकळा होतो. महिना-दोन महिन्यांनी तोच माणूस परत: "वॉलेट उघडंना झालंय, काही करता येईल का?" बहुतेक वेळा काही करता येत नाही. ज्या चुकांमुळे ही वेळ येते त्या ठरलेल्या आहेत, आणि वॉलेटच्या ब्रँडशी त्यांचा फारसा संबंध नसतो.

एक्स्चेंजच्या अ‍ॅपलाच वॉलेट समजणे

एक्स्चेंजच्या अ‍ॅपमध्ये दिसणारा बॅलन्स हा क्रिप्टोची खरेदी-विक्री चालवणाऱ्या त्या कंपनीच्या वहीतला आकडा आहे. कॉइन कंपनीच्या वॉलेटमध्ये असतात, चावी, म्हणजे कॉइन हलवायचा गुप्त कोड, कंपनीकडे असते. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि पाठोपाठ पैसे काढणं बंद झालं. ते वॉलेट मल्टिसिग होतं, म्हणजे एकापेक्षा जास्त सह्यांशिवाय व्यवहार होऊ नये अशी सोय होती. तरी गेलं. ज्यांनी आधीच कॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवले होते, त्यांना या भानगडीत पडावं लागलं नाही.

म्हणून काय पाच हजारांच्या बिटकॉइनसाठी हार्डवेअर वॉलेट, म्हणजे चावी फोनबाहेर ठेवणारं वेगळं यंत्र, घ्यायचं? अजिबात नाही. वॉलेटची किंमत आतल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त होत असेल तर घाई करू नका, हा साधा हिशेब ठेवावा. रक्कम छोटी असेल तर एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी विभागाकडे, नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरच राहू द्या. एक मात्र करा. पहिला रुपया टाकायच्या आधी 'विथड्रॉ' बटण शोधा. बाहेरच्या वॉलेटवर कॉइन पाठवता येतात का, कमीत कमी किती पाठवावे लागतात, फी किती लागते, हे तिथंच कळतं. काही अ‍ॅपवर फक्त रुपये काढता येतात, कॉइन नाही. हे खरेदीनंतर कळून उपयोग नाही.

बारा शब्द मोबाईलमध्ये ठेवणे

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं आणि समजावून सांगितलं तरी लोक हीच चूक करतात.

नवीन वॉलेट उघडलं की अ‍ॅप तुम्हाला १२ किंवा २४ इंग्रजी शब्द देतं. २०४८ शब्दांची ठरलेली यादी आहे, तिच्यातलेच ते असतात. तुमच्या सगळ्या चाव्या या शब्दांतून तयार होतात. फोन हरवला, अ‍ॅप उडालं, तरी शब्द असले की दुसऱ्या फोनवर सगळं परत येतं. आणि शब्द दुसऱ्याच्या हाती लागले की त्याला तुमचा फोन, पिन, ओटीपी काहीच लागत नाही.

आता नेहमीचं प्रकरण कसं घडतं ते पाहा. कृषी सेवा केंद्र चालवणारा एक माणूस, व्यवहाराला चोख, उधारीची वही पैशापैशाने जुळवणारा. वॉलेट उघडलं, शब्द आले, गिऱ्हाईक समोर उभं. "रात्री लिहून काढू" म्हणत स्क्रीनशॉट घेतला. तो फोटो आपोआप गूगल फोटोजमध्ये गेला. पुढे क्रिकेट फुकट बघायला कुणीतरी पाठवलेलं एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप, फोनवर टाकलं, त्याने फोटोंची परवानगी मागितली, ती दिली. फोटोतली अक्षरं वाचणारी सॉफ्टवेअरं असतातच. २०२५ च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने असंच एक मालवेअर उघड केलं होतं, जे गॅलरीतल्या फोटोंत वॉलेटचे शब्द शोधत होतं, आणि ते प्ले स्टोअर व अ‍ॅप स्टोअरमधल्या अ‍ॅपमध्येही सापडलं. तर एके दिवशी सकाळी वॉलेट रिकामं.

खरी गंमत पुढे आहे. या माणसाने काय केलं? फोन फॅक्टरी रिसेट केला, वॉलेटचा पिन बदलला, जीमेलचा पासवर्ड बदलला, आणि त्याच बारा शब्दांनी वॉलेट परत उभं करून वीस हजारांचे कॉइन पुन्हा टाकले. काही मिनिटांत तेही गेले. चोर अशा वॉलेटवर बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, लावून ठेवतात, काही आलं रे आलं की उचललं. पिन त्या एका फोनवरच्या अ‍ॅपपुरता असतो. शब्द तेच, तर चावी तीच.

शब्द कुणी पाहिले असा नुसता संशय आला तरी क्रम असा: दुसऱ्या स्वच्छ फोनवर नवं वॉलेट, नवे शब्द, ते कागदावर, मग जुन्यातलं उरलंसुरलं ताबडतोब तिकडे. जुनं वॉलेट कायमचं बंद. पिन बदलण्यात वेळ घालवू नका.

कागदावर लिहायचं तर बॉलपेनने किंवा पेन्सिलीने. जेल पेनची शाई ओल लागली की पसरते. प्रत्येक शब्दापुढे १ ते १२ क्रमांक घाला, अक्षरं सुटी आणि ठळक काढा. यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, त्यामुळे शेवटचं अक्षर पुसट झालं तरी बिघडत नाही. दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. बिलाच्या मशीनमधून निघतो तो थर्मल कागद वापरू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात तो वाचण्याच्या लायकीचा राहत नाही. झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनला देणं म्हणजे शब्द चार माणसांना दाखवणं.

वाळवीची भीती असेल, आणि जुन्या माळवदाच्या घरात ती असतेच, तर स्टेनलेस स्टीलची पट्टी घ्या आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या अक्षरांच्या पंचने स्वतः ठोका. शब्दाची चार-चार अक्षरं पुरतात. भांड्यावर नाव टाकून देतात तिथं मात्र कोरायला देऊ नका. हे सांगायला लागू नये, पण सांगावं लागतं.

हुशारीही नको. शब्दांचा क्रम उलटवणं, मध्ये एक खोटा शब्द घालणं, असली कोडी दोन वर्षांनी स्वतःलाच सुटत नाहीत. सहा शब्द इथं आणि सहा तिथं केलं, तर दोन्हींपैकी कोणतीही एक चिठ्ठी हरवली की सगळंच गेलं.

"सरांनी वॉलेट उघडून दिलं"

हा आपल्या भागातला खास प्रकार. क्रिप्टोचे क्लास घेणारे सर, नात्यातला कुणी आयटीवाला, नाहीतर मोबाईल शॉपीतला ओळखीचा पोरगा. तो वॉलेट उघडून देतो, शब्द स्वतःच्या हाताने लिहून देतो, वर म्हणतो, "दादा, माझ्याकडं पण एक कॉपी ठेवतो, हरवलं तर." माणूस भला असेलही. पण ते वॉलेट आता दोघांचं आहे, आणि उद्या पैसे गेले तर कुणी नेले हे ब्लॉकचेन, म्हणजे सगळे व्यवहार नोंदणारी जाहीर वही, सांगत नाही.

ओळखीचं सोडा. गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणुकीच्या घोटाळ्याच्या पुण्यातल्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच २०२२ च्या मार्चमध्ये अटक झाली. आरोप असा, की आरोपींच्या वॉलेटमधली क्रिप्टो त्यांनी परस्पर वळवली. सरांकडून शिका जरूर, पण शब्द स्क्रीनवर येतील तेव्हा त्यांना बाहेर चहाला पाठवा.

परत उभं करून न पाहताच पैसे टाकणे

नवशिक्यांना याचाच सगळ्यात कंटाळा. अर्धा तास लागतो म्हणून टाळतात. माझं मत स्पष्ट आहे: जे वॉलेट एकदा पुसून परत उभं केलेलं नाही, त्यात हजार रुपयेही ठेवू नयेत. पद्धत अशी.

वॉलेट उघडा, शब्द लिहा. 'रिसीव्ह' दाबा आणि दिसणाऱ्या पत्त्याची (कॉइन मागवायचा तुमचा नंबर) पहिली सहा व शेवटची सहा अक्षरं कागदावर टिपा. आता अ‍ॅप काढून टाका, म्हणजे खरोखर अनइन्स्टॉल करा. हार्डवेअर वॉलेट असेल तर ते रिसेट करा. लेजर कंपनीच्या वॉलेटवर तीनदा चुकीचा पिन टाकला की ते आपोआप पुसलं जातं. मग अ‍ॅप परत घ्या, 'इम्पोर्ट' किंवा 'रिस्टोर' निवडा आणि कागदावर बघून शब्द टाका. आठवणीतून टाकायचे नाहीत, कारण परीक्षा कागदाची चालू आहे. पत्ता तोच आला तर वॉलेट वापरायला तयार.

इथं एक बारीक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. बारा शब्दांत चूक ओळखण्यासाठी एक तपासणी असते, पण ती फक्त ४ बिटची. म्हणजे यादीतलाच एखादा चुकीचा शब्द पडला, तर साधारण १६ पैकी एका वेळी अ‍ॅप तक्रार न करता तो स्वीकारतं आणि भलतंच, रिकामं वॉलेट उघडतं. म्हणून "अ‍ॅपने शब्द घेतले" एवढ्यावर जाऊ नका. पत्ता जुळला पाहिजे.

पत्ता जुळला नाही तर घाबरायच्या आधी हे बघा. वॉलेट इलेक्ट्रम या बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं होतं का? त्याचे शब्दही बाराच असतात पण पद्धत वेगळी, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये ते सहसा चालत नाहीत, इलेक्ट्रममध्येच टाका. बिटकॉइनचा आधीचा पत्ता 'बीसी१'ने सुरू होत होता आणि आता '३' किंवा '१'ने होतोय का? मग शब्द बरोबर आहेत, पत्त्याचा प्रकार वेगळा निवडलाय. सेटिंगमध्ये डेरिव्हेशन पाथ, म्हणजे शब्दांतून पत्ते काढायची वाट, बदला. पासफ्रेज, म्हणजे यादीतल्या शब्दांशिवाय स्वतः ठरवलेला जादा शब्द, लावला होता का? त्यात एक स्पेस किंवा कॅपिटल अक्षर चुकलं तरी वेगळंच वॉलेट उघडतं आणि चूक झाली असं कुणी सांगत नाही. नवशिक्याने पासफ्रेजच्या नादाला लागूच नये. आणि पहिल्या पत्त्यावर आधी पैसे आले असतील तर बिटकॉइन वॉलेट आता पुढचा पत्ता दाखवतं. यादीतला पहिला पत्ता उघडून जुळवा.

नेटवर्क न बघता पाठवणे

यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या किमतीला बांधलेलं कॉइन, एकच, पण तो इथेरियमवर असतो, ट्रॉनवर असतो, बीएनबी चेनवरही असतो. फी कमी दिसली की लोक डोळे झाकून तेच नेटवर्क निवडतात. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी 'टी'ने सुरू होतो आणि ३४ अक्षरांचा असतो, त्यामुळे तिथं चूक सहसा लगेच पकडली जाते. घोटाळा होतो इथेरियम आणि बीएनबी चेनमध्ये, कारण दोन्हींकडे पत्ता तोच असतो: शून्य, एक्स आणि पुढे ४० अक्षरं.

पैसे गेले आणि वॉलेटमध्ये दिसत नाहीत? पाठवणाऱ्या अ‍ॅपमधून ट्रान्झॅक्शन आयडी घ्या आणि त्या नेटवर्कच्या एक्सप्लोररवर टाका: इथेरियमला इथरस्कॅन, ट्रॉनला ट्रॉनस्कॅन, बीएनबी चेनला बीएससी-स्कॅन. तिथं व्यवहार यशस्वी दिसतोय आणि पत्ता तुमचाच आहे, तर कॉइन सुरक्षित आहेत. वॉलेटमध्ये फक्त ते नेटवर्क निवडायचं किंवा टोकन जोडायचं बाकी आहे. टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. उलट्या बाजूने, स्वतःच्या वॉलेटमधून एक्स्चेंजला चुकीच्या नेटवर्कवर पाठवलं असेल तर चावी त्यांच्याकडे आहे. ट्रान्झॅक्शन आयडीसकट तक्रार टाका आणि वाट पाहा, दुसरा उपाय नाही. एक्स्चेंजवर एक्सआरपी पाठवताना टॅग (पैसे कोणत्या खात्याचे हे सांगणारा नंबर) टाकायचा राहिला तरी हीच गत.

रक्कम कितीही असो, आधी छोटा हप्ता पाठवा, पोचल्याची खात्री करा, मग बाकीची. दुप्पट फी जाते म्हणून रडणारे लोक असतात, त्यांना रडू द्या.

आणखी काही, थोडक्यात

वॉलेटमध्ये ट्रॉनवरचा यूएसडीटी आहे पण टीआरएक्स (ट्रॉनचं स्वतःचं कॉइन, फी त्यातच जाते) नाही, तर तो सहसा हलत नाही. इथेरियमवर ईटीएच, बीएनबी चेनवर बीएनबी. फीपुरतं ते कॉइन आधीच ठेवा.

जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता कॉपी करू नका. सुरुवात आणि शेवट तुमच्या पत्त्यासारखा असलेले बनावट पत्ते चोर मुद्दाम त्या यादीत घुसवतात. मधली अक्षरंही जुळवा.

सेकंडहँड हार्डवेअर वॉलेट नको. खोक्यात शब्द आधीच छापलेलं कार्ड निघालं तर ते वॉलेट वापरूच नका, शब्द यंत्राने तुमच्यासमोर नव्याने तयार करायचे असतात.

हार्डवेअर कंपनीच्या नावाने घरी पत्र किंवा मेल आला, "शब्द टाकून वॉलेट अपडेट करा", तर फाडून टाका. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे पावणेतीन लाख ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर फुटले, त्यानंतर असली पत्रं पोस्टानेही आली.

फुकट टोकन देणाऱ्या साइटवर 'अप्रूव्ह' दाबणं म्हणजे तुमचं टोकन काढायची परवानगी देणं, बहुधा अमर्याद.

गूगलवर वॉलेटचा कस्टमर केअर नंबर शोधू नका. असा नंबर सहसा नसतोच, जो सापडतो तो बहुधा चोराचा. "गेलेले कॉइन परत काढून देतो" म्हणणाराही त्याच जातीचा. चोरी झाली तर १९३० वर फोन आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, ट्रान्झॅक्शन आयडी आणि चोराचा पत्ता हाताशी ठेवून, त्याच दिवशी.

आणि कराचं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे. स्वतःच्या एका वॉलेटमधून दुसऱ्यात हलवणं म्हणजे विक्री नव्हे, पण पुढे विकताना मूळ खरेदीची किंमत दाखवावी लागते, आणि ती ब्लॉकचेनवर नसते, एक्स्चेंजच्या स्टेटमेंटमध्ये असते. कॉइन बाहेर काढायच्या दिवशीच ते स्टेटमेंट डाउनलोड करा, तारीख आणि ट्रान्झॅक्शन आयडीसह वहीत नोंद करा. एक्स्चेंज बंद पडल्यावर लॉगिन होत नाही आणि तुमचा सीए तुम्हालाच कागद मागतो.