रिव्हर्स मॉर्गेज: सही करण्याआधी करायचा हिशोब

राहतं घर स्वतःचं, पण दरमहा हातात पैसा कमी, अशा ज्येष्ठांसाठी २००७ पासून नॅशनल हाउसिंग बँक या गृहकर्जविषयक सरकारी संस्थेच्या नियमांनुसार रिव्हर्स मॉर्गेजची सोय आहे. घर बँकेकडे गहाण पडतं, बँक दरमहा पैसे देते, हप्ता भरावा लागत नाही आणि हयातभर त्याच घरात राहता येतं.

१. घर बसतं का ते बघा. वय ६० पूर्ण हवं. घर स्वकष्टार्जित, स्वतः राहत असलेलं आणि बोजा नसलेलं हवं. वडिलोपार्जित वाडा, पागडीची खोली, दुकानाचा गाळा चालत नाही. इमारत अजून साधारण २० वर्षं टिकेल अशी हवी, त्यामुळे जुन्या सोसायटीत स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल आधीच मागून घ्या.

२. कागद जमवा. करारनामा, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना हरकत पत्र, घरपट्टीची पावती.

३. हिशोब करा. बहुतेकांची फसगत इथेच होते. ‘४० लाख मंजूर’ म्हटलं की लोक ४० लाखांना १५ वर्षांच्या १८० महिन्यांनी भागतात आणि महिना २२ हजार धरून बसतात. साफ चूक! त्या ४० लाखांत व्याजही धरलेलं असतं. मुदतीच्या शेवटी मुद्दल अधिक व्याज मिळून कर्ज ४० लाखांवर पोचेल, अशा बेताने मासिक रक्कम ठरते. व्याजदर १० टक्के धरला, तर १५ वर्षांसाठी महिना सुमारे ९,६५० रुपये येतात. म्हणजे हातात एकूण सव्वासतरा लाखांच्या आसपास, बाकीचे पावणेतेवीस लाख व्याजाचे. मुदत १० वर्षं केली तर महिना साडेएकोणीस हजार. २० वर्षं केली तर जेमतेम सव्वापाच हजार.

मोठा आकडा बघून १० वर्षांची मुदत घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पासष्टीला ती घेतली तर पंचाहत्तरीला पैसे बंद होतात, नेमका औषधपाण्याचा खर्च वाढलेला असताना. घर सोडावं लागत नाही हे खरं, पण पोटापाण्याचं काय? दुसरं उत्पन्न नसेल तर लांब मुदतच घ्या. आणि सव्वापाच हजारांत भागणार नसेल, तर ही योजना तुमच्यासाठी नाही. घर विकून लहान घेणं परवडेल. एरवी बँकेकडून महिन्यागणिक तक्ता लेखी घ्या. महिन्याची रक्कम, व्याज आणि साचलेलं कर्ज, तिन्ही रकाने त्यात हवेत.

४. सही दोघांची. नवरा-बायको दोघंही कर्जदार असावेत. मग एक गेल्यावरही दुसऱ्याला घरातून कोणी काढत नाही. सहीनंतर मन बदललं तर माघार घ्यायला ३ कामाचे दिवस असतात.

५. नंतरचं पथ्य. घरपट्टी, विमा, डागडुजी तुमच्याच गळ्यात. घर भाड्याने दिलंत किंवा सलग वर्षभर तिथे राहिला नाहीत, तर बँक कर्ज परत मागू शकते. मुलाकडे अमेरिकेत लांबलचक मुक्काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मिळणारी रक्कम कर्ज असल्याने तिच्यावर आयकर नाही.

६. वारसांना आजच सांगा. दोघांच्या पश्चात कर्ज फेडून घर सोडवायचा पहिला हक्क त्यांचा. नाही फेडलं तर बँक घर विकते आणि उरलेले पैसे त्यांना देते. विक्रीत तूट आली तरी ती वारसांकडून वसूल होत नाही. सोसायटी पुनर्विकासाला जायची चिन्हं असतील, तर त्या काळात बाहेर राहिल्याचं काय, याचं उत्तर मात्र सहीआधीच बँकेकडून लेखी घ्या.