भाग नेमका कशाचा? शाब्दिक उदाहरणांतील अपूर्णांकांविषयी

पोलीस भरतीची तयारी नुकतीच सुरू केलेल्या मित्रमैत्रिणींसाठी हे लिहीत आहे. लेखी परीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटे मिळतात, त्यामुळे शाळेपासून गणित जड गेलेल्यांची धास्ती मी समजू शकतो. ती माझ्याही मनातून अजून पुरती गेलेली नाही. समच्छेद करणे आणि लसावि काढणे तुम्हाला येते, असे गृहीत धरतो. मला सर्वाधिक छळले ते ‘उरलेल्या’ भागाने.

हे उदाहरण पाहा. एका शेतकऱ्याने शेताच्या १/३ भागात ज्वारी पेरली, उरलेल्या शेताच्या १/४ भागात हरभरा पेरला आणि राहिलेल्या ३ एकरांत तूर लावली. तर एकूण शेत किती? घाईत १/३ आणि १/४ यांची थेट बेरीज होते, ७/१२ येतात, मग ५/१२ म्हणजे ३ एकर धरून उत्तर ७ १/५ एकर निघते. ते साफ चुकीचे असते आणि पर्यायांत बहुधा हजरही असते. यातला १/३ संपूर्ण शेताचा आहे, पण १/४ हा केवळ उरलेल्या २/३ शेताचा आहे, म्हणून संपूर्ण शेताच्या हिशेबात तो १/६ भरतो. आता १/३ आणि १/६ मिळून अर्धे शेत झाले, उरलेले अर्धे ३ एकर, म्हणजे एकूण ६ एकर. पडताळा घ्या: ज्वारी २ एकर, राहिले ४, त्यांचा पाव १ एकर, शिल्लक ३. ज्यांचा आधार एक नाही, अशा अपूर्णांकांची बेरीज कधीही करू नका.

सुरुवातीला कच्च्या कागदावर आयत काढून त्याचे भाग पाडावेत. वेळ जातो, पण आठवडाभरात हात बसतो, घाबरू नका. सूत्रांची यादी हाती देणाऱ्यापेक्षा प्रत्येक अपूर्णांकापाशी थांबवून ‘कशाचा?’ असे विचारणारा मार्गदर्शक मला कितीतरी मोलाचा वाटतो.

तिरकस गुणाकाराची युक्ती, म्हणजे प्रत्येक अंशाला दुसऱ्याच्या छेदाने गुणून बेरीज करणे आणि खाली दोन्ही छेदांचा गुणाकार लिहिणे, मला फारशी पटत नाही. ५/१२ आणि ७/१८ यांची बेरीज तिने १७४/२१६ येते आणि पुढे संक्षेप करत बसावे लागते. लसावि ३६ घेतल्यास १५ आणि १४ मिळून २९/३६ लगेच मिळतात.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांत पूर्णांक वेगळे मिळवावेत. पावणेतीन मीटर आणि दीड मीटर कापडात २ आणि १ मिळून ३, पाऊण आणि अर्धा मिळून सव्वा, एकूण सव्वाचार मीटर. एकके वेगळी असल्यास मात्र आधी ती एक करा: पावणेदोन तास आणि ५० मिनिटे यांत ५० मिनिटे म्हणजे ५/६ तास, म्हणून बेरीज २ ७/१२ तास, अर्थात २ तास ३५ मिनिटे.