मुलाकडे अमेरिकेला गेल्यावर एका मिशनरी बाईंची जीवनकथा रेकॉर्ड कशी केली, आणि तुम्ही कशी कराल

सोलापुरातले कितीतरी आईवडील आता पोरांकडे चार-सहा महिने अमेरिकेला जातात, आणि पहिले पंधरा दिवस सरले की दिवसभर करायचं काय हा प्रश्न पडतो. मलाही पडला होता. मुलाच्या घरापासून वीस मिनिटं चालत गेलं की निवृत्त लोकांची एक वसाहत आहे, तिथं नव्वदी ओलांडलेल्या एक बाई राहतात, त्यांनी तरुणपणी सोलापुरात मिशनच्या शाळेत शिकवलंय असं कळलं आणि मी दुसऱ्याच दिवशी गेले. दार उघडलं, मी कुठली ते सांगितलं, तर म्हणाल्या, "या या, आत या, चहा ठेवतो."

तुमच्या पोरांच्या गावाजवळ पण असं कोणी असू शकतं. चर्चमध्ये विचारा, वृद्धांच्या वसाहतीत विचारा. कॅलिफोर्नियात क्लेअरमॉन्टला पिलग्रिम प्लेस म्हणून वसाहत आहे, 1915 पासून निवृत्त मिशनरी तिथं राहत आलेत.

जायच्या आधी थोडी माहिती करून घ्या. अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे इकडं काम करणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेचे, पहिले लोक 1813 ला मुंबईत उतरले, पुढं नगर, सोलापूर असं काम पसरलं, 1842 ला नगरहून ज्ञानोदय हे त्यांचं नियतकालिक निघालं. त्यांच्या मूळ संस्थेचे, म्हणजे अमेरिकन बोर्डाचे, कागद हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत. जुन्या कागदांत शोधताना सोलापूरचं स्पेलिंग 'शोलापूर' असं टाका, नाहीतर काही सापडणार नाही. पण मिशनच्या अहवालात शाळेत मुलं किती होती ते मिळेल, दुपारच्या सुट्टीत ती डब्यात काय आणायची ते नाही मिळणार, आणि तेच आपल्याला हवंय, ते फक्त त्या माणसाकडंच आहे.

आता मुख्य गोष्ट. समोर बसवून "तुमचा जन्म कुठं झाला" असं सुरू करू नका. मी पहिल्या दिवशी तेच केलं आणि बाई अहवाल वाचल्यासारखं बोलल्या. तिसऱ्या भेटीला मी घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन गेले. बाईंनी भाकरी हातात घेतली, नखानं टकटक वाजवली, कानाजवळ नेली, मग दोन्ही हातांनी कडकन मोडून आमटीच्या वाटीत टाकली आणि भिजेपर्यंत जे बोलत सुटल्या ते अर्धा तास. पहाटे गिरणीचा भोंगा, त्यावर उठणारी गल्ली, भाकरी शिकवणारी शेजारीण, गड्ड्याच्या जत्रेत हरवलेला वर्गातला पोरगा. आणि माझा फोन पर्समध्ये बंद! ती अर्धा तासाची गोष्ट तशी परत कधीच आली नाही, नंतर विचारलं तर दोन वाक्यांत संपली. म्हणून सांगते, दारातून आत गेलं की परवानगी विचारायची आणि रेकॉर्डिंग लगेच चालू करायचं, मग स्वयंपाक करा, कपड्यांच्या घड्या घाला, बाजारात जा, बागेत फिरा. हाताला काम असलं की आठवणी येतात. आणि तुमचंही फिरणं होतं, मी त्यांच्याबरोबर शनिवारच्या शेतकरी बाजारात जाऊन तिथली भाजी ओळखायला शिकले, नातवाला पण न्यायचे.

परवानगी मात्र नीट घ्या. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात खाजगी बोलणं सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं कायद्यानं चालत नाही. आणि कायदा सोडा, कोण ऐकणार, कुठं ठेवणार, कुठला भाग कोणाला ऐकवायचा नाही हे कागदावर लिहून सही घ्या, एक प्रत त्यांच्याजवळ.

फोनचं सांगायचं तर विमान मोड चालू करा म्हणजे मधे कॉल येत नाही, जागा आणि चार्जिंग बघा, फोन मऊ रुमालावर ठेवा, फ्रीज आणि पंख्यापासून लांब. सुरुवातीला तारीख, ठिकाण, कोण बोलतंय ते तोंडानं बोला. तासाभरानं थांबा, नव्वदीच्या माणसाला थकवा येतो. घरी आल्यावर त्याच रात्री फाईलला तारखेचं नाव द्या आणि तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक प्रत घराबाहेर. जुने फोटो तिथल्या पब्लिक लायब्ररीत स्कॅन करता येतात, 600 डीपीआयवर (डीपीआय म्हणजे स्कॅनची बारकाई) करा, आणि फोटोतल्या प्रत्येक माणसाचं नाव विचारा, मास्तर, आया, स्वयंपाकीण, माळी सगळ्यांचं, कारण साहेब-मडमची नावं कागदात असतातच, ह्यांची नसतात.

साल विचारलं की माणूस अडखळतो. त्यापेक्षा खुणा धरा. कोयनेच्या भूकंपाला (1967) तुम्ही कुठं होता? 72 च्या दुष्काळात काय खाल्लं? मी हे विचारलं तर बाई गप्प झाल्या, मी पण गप्प बसले, बराच वेळ, आणि मग त्या मिलोवर बोलल्या. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी लोकांच्या घशाखाली उतरत नव्हती आणि रेशनच्या रांगेतल्या बायका ह्यांच्याकडं बघायच्या. "मी पण तीच खाल्ला," म्हणाल्या. असं गप्प बसणं मधे आलं तर भरून काढायला जाऊ नका. अवघड प्रश्न पण विचारा, धर्म बदलण्यावरून गावात काय झालं, स्वतःची मुलं लांबच्या शाळेत ठेवताना काय वाटलं. आदरानं विचारलं की लोक खरं सांगतात.

लिहून काढायला एका तासाला माझे पाच-सहा तास गेले. त्यांचं मराठी सुधारू नका. बाई "मी गेला होता" म्हणतात, मी तसंच ठेवलंय, ते वाचलं की त्यांचा आवाज ऐकू येतो.

परत आल्यावर रेकॉर्डिंग इथं ऐकवा. बाईंच्या वर्गात शिकलेल्या एक आजी मला ओळखीतून सापडल्या, त्यांनी फोन कानाला लावून सगळं ऐकलं. शाळेपुढं चिंचेचं झाड होतं असं बाई म्हणतात, तर आजी म्हणाल्या, "चिंच कुठली, लिंब होता तो, त्याच्याखाली उभं करायच्या बाई आम्हाला." दोघींचंही लिहून ठेवलंय, ज्याच्या त्याच्या नावापुढं.