जावास्क्रिप्टचं सॉर्ट आकडे चुकीचे लावतं तेव्हा

९, १०, १, २०० या ॲरेवर (म्हणजे यादीवर) नुसतं सॉर्ट, म्हणजे क्रम लावणारं फंक्शन, चालवलं की हाती येतं १, १०, २००, ९. कंपॅरेटर (दोघांत आधी कोण ते सांगणारं फंक्शन) दिला नाही, तर जावास्क्रिप्ट प्रत्येक आकड्याची आधी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, करतं आणि अक्षरांसारखी तुलना करतं. भाषेच्या रचनेतलीच ही चूक, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एक अंकी आकड्यांच्या चाचणीत ती दिसतच नाही.

उपाय म्हणून सॉर्टला 'अ वजा ब' परत करणारं फंक्शन दिलं: उत्तर ऋण तर अ आधी, धन तर ब आधी, शून्य तर दोन्ही सारखे. तिथे 'अ > ब' लिहून भागत नाही: त्यातून ट्रू किंवा फॉल्स येतं, ऋण उत्तर कधीच नाही, आणि फॉल्सचा अर्थ 'दोन्ही सारखे' असा घेतला जातो. बिगइंट (फार मोठ्या पूर्णांकांचा वेगळा प्रकार) असतील तर वजाबाकीही चालत नाही, सॉर्ट टाइपएरर देऊन थांबतं. मग तुलना करून उणे १, ० किंवा १ आपणच परत करायचं.

शिवाय सॉर्ट मूळ ॲरेच बदलतं. म्हणून आधी स्प्रेडने (तीन टिंबांच्या खुणेने) प्रत काढली. २०२३ च्या मानकात आलेलं टूसॉर्टेड थेट नवा ॲरे देतं, चालत असेल तिथे तेच बरं. अनडिफाइन्ड (किंमतच नसलेल्या जागा) मात्र कंपॅरेटरकडे जातच नाहीत, सरळ शेवटी बसतात.

चाचणीत ९, १० आणि दोन ऋण आकडे ठेवलेच.